विटाळ सुटल्यावर बाई कोण असते?



हुपरीत बोलायला उभं राहायचं आणि चांदीचा विषय काढायचा नाही, हे काही जमायचं नाही. तेव्हा सुरुवात तिथूनच करते. इथं बसलेल्या निम्म्याहून अधिक घरांत कड्या जोडणं, घुंगरं बसवणं हे काम बायकांच्या हातून होत असणार. त्या हातांनाच मी विचारते. बाळ जन्मलं की पायात काय घालतात? वाळे. मुलगी चालायला लागली, नाचायला लागली की? पैंजण. लग्न झालं की? जोडवी, मासोळ्या. आणि नवरा गेला की तीच जोडवी उतरवतात. म्हणजे बाईच्या आयुष्यातला प्रत्येक टप्पा तुमच्या गावात चांदीत घडतो किंवा चांदीतून उतरवला जातो.

आता पुढचा प्रश्न. वयाच्या सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास बाईची पाळी जाते. त्या टप्प्याचा दागिना कोणता?

नाही ना? हसू नका, मी गंभीरपणे विचारतेय. दागिना नाही, विधी नाही, गाणं नाही, धड एक शब्दही नाही. ‘रजोनिवृत्ती’ हा शब्द पुस्तकातला. घरात आपण म्हणतो, ‘गेली’. काय गेली, ते सांगायचीसुद्धा गरज नाही. आजचं व्याख्यान या ‘गेली’बद्दल आहे. मी डॉक्टर नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे औषधं सांगणार नाही. मला विचारायचंय ते एवढंच, की ती गेल्यावर बाई स्वतःला कोण समजते, आणि आपल्या इतिहासात ती स्वतःला कोण समजत आली?

सुरुवात आणि शेवट यांतला फरक आधी बघा. मुलीला पहिल्यांदा न्हाण आलं की पूर्वी घरभर गाजावाजा व्हायचा. मखरात बसवायचे, गोडधोड यायचं, ओटी भरायचे. धर्मशास्त्रानं त्याला गर्भाधानाचा संस्कारच जोडून दिला होता. आणि हे नुसतं घरातलं नव्हतं. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यानं वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हा महाराष्ट्रात केवढं रण पेटलं! एकीकडे मलबारी, भांडारकर, तेलंग, दुसरीकडे टिळक. वर्तमानपत्रांतून, सभांतून, शास्त्रार्थांतून वाद झाला तो कशावर? मुलीला ऋतू कधी येतो आणि त्यानंतर लगेच काय केलं पाहिजे, यावर. मोठमोठे विद्वान पुरुष मुलीच्या पहिल्या पाळीवर जाहीर भांडत होते. शेवटच्या पाळीवर मात्र कोणी अग्रलेख लिहिला नाही. सोळा संस्कारांची यादी काढा, तिथंही तिला जागा नाही. सुश्रुतानं एवढंच नोंदवलं की रज बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होतं आणि पन्नाशीत, शरीर पिकल्यावर, त्याचा क्षय होतो. झाडाचं फळ पिकावं इतक्या सहजपणे सांगून तो पुढं जातो.

कारण उघड आहे. पहिल्या पाळीत इतरांना रस होता, नवऱ्याला, सासरला, वंशाला. शेवटच्या पाळीत फक्त तिलाच रस होता.

पण थांबा. ‘विधीच नाही’ असं मी म्हटलं, ते पूर्ण खरं नाही. एक वाट आपल्याकडे आहे, ती म्हणजे ऋषिपंचमी. भाद्रपद शुद्ध पंचमी, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. बायका आघाडा घेऊन आंघोळ करतात, सप्तर्षींची आणि अरुंधतीची पूजा करतात आणि त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. अंगणात, परसात हातानं लावलेलं तेवढंच चालतं. व्रत कशासाठी? पाळीच्या दिवसांत नकळत झालेल्या शिवाशिवीचा दोष जावा म्हणून. आणि त्याचं उद्यापन बऱ्याच घरांत केव्हा करतात? पाळी गेल्यावर. म्हणजे मराठी बाईच्या रजोनिवृत्तीचा जवळात जवळचा विधी हा. तो सुटकेचा आहे खरा, पण माफी मागून मिळालेल्या सुटकेचा.

त्याची कहाणी तुम्हाला ठाऊक आहे. आई विटाळात घरभर वावरली म्हणून पुढच्या जन्मी स्वतःच्याच मुलाच्या घरी कुत्री होते, आणि बाप तिच्या संसर्गानं बैल. श्राद्धाच्या दिवशी खिरीत सापाचं विष पडताना ती कुत्री बघते. ब्राह्मण जेवून मरतील म्हणून ती मुद्दाम खिरीला तोंड लावते, आणि सुनेचा मार खाते. रात्री गोठ्यात दोघं बोलतात, मुलगा ते ऐकतो, व्रत करतो आणि आईबापांची सुटका होते. लहानपणी मी ही कहाणी विटाळाची म्हणून ऐकली. आता ऐकते तेव्हा मला दुसरंच दिसतं. त्या घरात धोका ओळखणारी एकटी तीच होती. घर वाचवलं तिनं, मारही तिलाच. आणि तिचं म्हणणं मुलापर्यंत पोचलं ते केव्हा, तर तिनं बाईचं शरीर सोडल्यानंतर. म्हातारपणी आपलं कोणी ऐकावं ही बाईची इच्छा त्या कहाणीत कुठंतरी दडलेली आहे, असं मला वाटतं.

माझ्या आईचं उद्यापन झालं तेव्हा मी एम.ए.ला होते. पुस्तकं वाचून शहाणी झालेली. ‘कसला दोष नि कसलं उद्यापन’ म्हणून तिच्याशी भांडले. तिनं वाद घातला नाही. स्वयंपाकघराच्या दाराच्या मागच्या बाजूला ती दर महिन्याला कोळशानं एक रेघ ओढायची, तारखेचा हिशेब म्हणून. लग्नकार्य, सण, प्रवास, सगळं त्या रेघांवरून ठरायचं. उद्यापनानंतर तिनं ते दार ओल्या फडक्यानं पुसलं आणि पुढच्या आषाढात ती पहिल्यांदा वारीला गेली. ‘इतकी वर्षं वाटेत अडचण आली तर काय, म्हणून गेले नाही,’ एवढंच म्हणाली. मला दोष दिसत होता, तिला रस्ता दिसत होता. आमच्या दोघींत शिकलेली कोण होती, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

पण एक गोष्ट तिनं पुष्कळ वर्षांनी सांगितली. वारीहून परत आल्यावर तिला एकटीला रडू यायचं. दुःख नव्हतं म्हणाली, पण ‘घर मला विचारत नाहीये असं वाटायचं’. सुटका आणि पोकळी एकाच वेळी. हे दोन्ही धरून ठेवलं नाही, तर या विषयावर बोलणं एकतर रडगाणं होतं नाहीतर जयजयकार.

आता इतिहासातल्या काही बायकांकडे वळू. कोल्हापूर जिल्ह्यात बोलतेय, तर पहिलं नाव ताराबाईंचं. जन्म १६७५. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचविशीच्या. औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली, हे आपण सगळे जाणतो. पण पाठ्यपुस्तक तिथंच संपतं. १७१४ मध्ये राजसबाईंच्या बाजूनं सत्तापालट झाला, ताराबाई कैदेत गेल्या. १७३० नंतर साताऱ्यात. लोकांनी त्यांना इतिहासजमा केलं असणार. आणि १७४९ साली शाहू महाराज गेले, तेव्हा ही चौऱ्याहत्तर वर्षांची बाई पुन्हा राजकारणाच्या मध्यभागी येऊन उभी राहिली. स्वतः पुढं आणलेल्या रामराजाला पुढच्याच वर्षी साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं आणि पेशव्याला घाम फोडला. वारल्या १७६१ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी. त्यांचं ते राजकारण बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण ‘आता माझी वेळ गेली’ हे वाक्य त्यांच्या कोशात नव्हतं, एवढं नक्की.

दुसरं नाव सावित्रीबाईंचं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले तेव्हा त्या एकोणसाठ वर्षांच्या. टिटवं धरण्याचा वाद झाला तेव्हा स्वतः टिटवं हातात घेऊन अंत्ययात्रेच्या पुढं चालल्या. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षा झाल्या. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेल्या. या बाईला पोटचं मूल नव्हतं. दत्तक घेतलेला यशवंत आणि शाळेतली, बालहत्या प्रतिबंधक गृहातली मुलं. आईपण गर्भाशयातच असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी या आयुष्याकडे पाहावं.

तिसरं नाव पार्वतीबाई आठवल्यांचं, धोंडो केशव कर्व्यांच्या मेव्हणीचं. विशीत विधवा झाल्या, केशवपन झालं. हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी जमवली. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी विधवेचा तो वेष टाकला, केस वाढू दिले. आणि १९१८ साली, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, इंग्रजी धड येत नसताना ही बाई एकटी अमेरिकेला गेली. तिथं लोकांच्या घरी कामं केली, भाषा शिकली, आश्रमासाठी पैसे जमवून परत आली. अठ्ठेचाळीस! ज्या वयात आज आपल्या बायका ‘आता काय शिकायचं’ म्हणतात.

आणि चौथ्या लक्ष्मीबाई टिळक. १९१९ मध्ये रेव्हरंड टिळक गेले तेव्हा त्या पन्नाशीच्या. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ या बाईनं पुरं केलं. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला, तेव्हा वय सहासष्ट. मराठी गद्यातलं एक उत्तम पुस्तक साठी उलटलेल्या, शाळेत न गेलेल्या बाईनं लिहिलं.

आता इथं मला माझाच कान धरायला हवा. वर्गात मी मुलांना शिकवत आले की एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली म्हणजे ती दुसरीमुळे घडली असं होत नाही. या चौघींच्या आयुष्यात पन्नाशीच्या आगेमागे काहीतरी उघडलं, पण ते पाळी गेल्यामुळे उघडलं, असं म्हणायला आधार नाही. उलट नीट पाहिलं तर प्रत्येकीच्या बाबतीत आधी एक पुरुष गेलेला दिसतो. ताराबाई पंचविशीत विधवा, पार्वतीबाई विशीत, सावित्रीबाई एकोणसाठाव्या, लक्ष्मीबाई पन्नासाव्या वर्षी. माझ्या विचाराला इथं वळण मिळालं.

मला असं दिसतं, की जुन्या समाजात बाईच्या उत्तरार्धाची तीन घड्याळं होती. एक शरीराचं, पाळी गेली. दुसरं घराचं, सून आली. तिसरं नवऱ्याचं, तो गेला. यातलं जे आधी वाजेल त्यानं तिची ओळख बदलायची. सून घरात आली की चाळिशीची बाईसुद्धा ‘म्हातारी’ व्हायची. सासू-सुना एकाच वेळी बाळंत होणं लाजिरवाणं मानलं जायचं. तेव्हा पाळी चालू असो नसो, तिनं ‘ते’ आयुष्य आवरायचं. नवरा गेला तर तिसरं घड्याळ बाकी दोन्हींना बंद पाडायचं. शरीराचं घड्याळ बहुतेक वेळा या दोघांच्या गोंगाटात ऐकूच यायचं नाही. शिवाय किती जणी तिथवर पोचायच्या? १९५१ च्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांचं होतं. त्यात बालमृत्यूंचा मोठा वाटा आहे हे खरं, पण बाळंतपणात जाणाऱ्या तरण्या बायकाही त्यातच आहेत.

आता आजच्या हुपरीतल्या सत्तेचाळीस वर्षांच्या बाईकडे बघा. नवरा हयात आहे. मुलगा पुण्यात नोकरीला, सून त्याच्याबरोबर तिकडंच. किल्ल्या कोणाच्या हातात सोपवायच्या? तेव्हा घराचं घड्याळ वाजलं तरी दूर वाजतं. राहता राहिलं शरीराचं. ते पहिल्यांदाच एकटं, मोठ्यानं वाजतंय. आणि पुढं आयुष्य पडलंय पंचवीस-तीस वर्षांचं. इतकी वर्षं आपल्या पणज्यांपैकी फार थोड्यांना मिळाली होती. म्हणून हा प्रश्न आजचा आहे. आजच्या बायका नाजूक झाल्या म्हणून तो आलेला नाही.

आणखी एक बदल झाला, त्याची आपण दखलच घेत नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं, संततिनियमनासाठी आयुष्यभर झगडले, खटले सोसले. पुढं सरकारनंच कुटुंबनियोजन हाती घेतलं. आज खेड्यातली बाई दोन मुलांवर, सत्ताविशी-अठ्ठाविशीत ऑपरेशन करून घेते. म्हणजे तिचं जननक्षमतेचं आयुष्य तिथंच संपतं. पाळी त्यानंतर वीस वर्षं चालू राहते! मग सत्तेचाळिसाव्या वर्षी नेमकं काय संपतं? आईपण नाही, ते कधीच पुरं झालं. विटाळ? तो बऱ्याच घरांतून निघून गेला, निदान सैल झाला. तरी तिला काहीतरी संपल्यासारखं वाटतं. ते काय?

मिलिंद राजा आणि नागसेन यांचा संवाद तुम्ही ऐकला असेल. नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? चाक का? आस का? जू का? यातलं एकेक म्हणजे रथ नाही. सगळ्यांच्या जुळणीला आपण रथ असं नाव दिलंय. ‘बाई’ हे नावही असंच जुळणीला दिलेलं आहे. त्यात शरीर आहे, कुंकू आहे, मुलं आहेत, लोकांची नजर आहे. एक भाग निखळला की रथ मोडत नाही, पण आत बसलेल्याला धक्का बसतो. पाळी गेल्यावर बाईला जे वाटतं ते बहुधा हे, की ज्या नजरेतून ती स्वतःला तीस वर्षं पाहत आली, ती नजर तिच्यावरून हलली. सिमोन द बोव्हार ‘द सेकंड सेक्स’ या १९४९ च्या ग्रंथात म्हणते, की या टप्प्यावर वंशाच्या ताब्यातून सुटून बाई स्वतःशी एकरूप होते. पण तीच बोव्हार त्या वयाच्या भीतीबद्दलही विस्तारानं लिहिते. माझ्या आईनं दोन वाक्यांत जे सांगितलं, तेच ते.

ही भीती किती समाजाची आणि किती शरीराची? मार्चा फ्लिंट या संशोधिकेनं १९७५ मध्ये राजपूत बायकांचा अभ्यास मांडला. त्यांच्यात तक्रारी फार कमी दिसल्या, कारण पाळी गेल्यावर त्यांचा पडदा सुटायचा, पुरुषांत बसून बोलता यायचं. मार्गारेट लॉक यांना जपानमध्ये अंगातून वाफा येण्याची तक्रार पाश्चात्त्य बायकांपेक्षा कितीतरी कमी आढळली. आणि त्याच काळात अमेरिकेत रॉबर्ट विल्सन नावाचे डॉक्टर १९६६ च्या पुस्तकात सांगत होते की हा कमतरतेचा रोग आहे, हार्मोन घ्या, कायम तरुण राहा. म्हणजे जिथं बाईला वयाबरोबर मान मिळतो तिथं ती वेगळं भोगते, जिथं तरुणपण हेच नाणं आहे तिथं वेगळं. याचा अर्थ ‘सगळं मनाचं आहे’ असा घेऊ नका. झोप उडते, हाडं झिजतात, हे खरं आहे. आणि एक वर्ष पाळी बंद राहिल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर लाजत बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. एवढं वैद्यकीय सांगते आणि थांबते.

शेवटी, ज्यांचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही त्या बायका. तुमच्या गावाला साखर कारखाना आहे. दिवाळीनंतर बीडकडून तोडणी कामगार येतात, पालं टाकतात. त्यांच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात ‘कोयता’. म्हणजे बाईची ओळख काय, तर अर्धा कोयता. उचल घेतलेली, एक खाडा पडला तर मुकादम पैसे कापणार. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर बीडच्या सर्वेक्षणाचे आकडे आले. ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली. दर सहा जणींमागे एक. देशभरचं प्रमाण तेव्हा शंभरात तीनच्या आसपास होतं. यातल्या कित्येक जणी तिशीतल्या. ज्या बदलाला निसर्ग काही वर्षं घेतो, तो यांच्या वाट्याला एका दिवसात येतो, आणि पंधरा-वीस वर्षं आधी. आपण इथं ‘ओळखीचा शोध’ वगैरे बोलतो, तेव्हा त्या पालात एक तेहेतीस वर्षांची बाई अंग पेटल्यासारखं होतंय म्हणून रात्री उठून बसलेली असते आणि पहाटे मोळी उचलायला जाते. तिला ‘तू कोण’ हे विचारायला कोणाला वेळ आहे?

मघाशी मी दागिन्याचं विचारलं. मे २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडनं ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईची जोडवी काढायची नाहीत, बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. सरकारनं तो राज्यभरच्या ग्रामपंचायतींपुढं नमुना म्हणून ठेवला. शेकडो वर्षांचं नवऱ्याचं घड्याळ एका ग्रामसभेत काही प्रमाणात थांबवता येतं, तर शरीराच्या घड्याळाविषयी निदान मोठ्यानं बोलता येणार नाही का? घरात नवऱ्यासमोर, मुलासमोर, ‘माझी पाळी थांबतेय, मला झोप लागत नाही, माझ्यावर ओरडू नका’ एवढं एक वाक्य?

शब्दाकडे एकदा बघा आणि मग मी बसते. शेजारी इचलकरंजीत यंत्रमागावर दिवसपाळी असते, रातपाळी असते. पाळी म्हणजे वेळेची नेमून दिलेली चाकरी. कामगाराची पाळी संपली की भोंगा होतो, तो हात धुतो आणि घरी जातो, स्वतःच्या वेळेत. बाईची पाळी संपते तेव्हा भोंगा होत नाही. तिची तिलाच ती ऐकावी लागते. माझ्या आईनं ती ऐकली, दार पुसलं आणि ती पंढरपूरला निघाली. तुमच्या घरात जिची पाळी संपत आलीय, ती कुठं निघायचं म्हणतेय, एवढं आज घरी गेल्यावर विचारा.